तिसरा प्लग

५ सप्टेंबर

साडूबुवांना नमस्कार.

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघताय म्हणून पाकीट तसंच फेकू नका. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही ऐकत नाही, नुसतं बोलता. पत्राला निदान शेवटपर्यंत बोलू द्यावं लागतं.

काम गाडीचं आहे. सासरेबुवांनी ड्रायव्हिंगची शाळा बंद केली तेव्हा शाळेच्या दोन सारख्या गाड्या दोघा जावयांना दिल्या. तुमची अजून पळते, हे तुम्ही भेटेल त्याला सांगता. माझी अकरा वर्षं गॅरेजमध्ये उभी आहे, हेही तुम्हीच सांगता. तुम्ही येऊन तिच्या व्हॉल्व्हचा स्प्रिंग बदललात, दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टार्टर मारला, ती एकदा गुरगुरली आणि ठप्प झाली. तुम्हाला कळवलं, तर तुम्ही घरबसल्या निदान केलंत की मी तेल न बघता चालवली आणि इंजिन जॅम केलं. तेव्हापासून तुमची मुलं मला जॅमकाका म्हणतात. मी गॅरेजचं दार ओढून घेतलं ते घेतलंच.

आता आमच्या वसाहतीच्या समितीने नोटीस लावली आहे. एकतीस ऑक्टोबरनंतर गॅरेजची रांग पाडणार. तोपर्यंत जी गाडी स्वतःच्या इंजिनावर बाहेर येईल तिला नव्या आवारात जागा, बाकीच्या भंगारात. सचिवांनी माझ्या दारावरची नोटीस जरा जास्तच डिंक लावून चिकटवली आहे.

मला ही गाडी भंगारात जाऊ द्यायची नाही. किल्ली देताना सासरेबुवा म्हणाले होते, "धाकट्या जावयाचा हात हलका आहे, याच्याकडे गाडी टिकेल." ते मी खोटं पाडलं, असं घरात सगळे धरून चालतात, आणि मीही धरून चालतो. मला ती एकदा माझ्या हाताने सुरू करायची आहे. बंद इंजिन कसं जागं करायचं ते लिहा. टोमणे मारायचे तर मारा, पण अधूनमधून सूचनाही असू द्या.

तुमचा धाकटा साडू


९ सप्टेंबर

दंतवैद्य महाराज,

पत्र पोचलं. अकरा वर्षं गाडीवर धूळ चढू दिलीत आणि दारावर नोटीस चिकटल्यावर प्रेम उफाळून आलं. दाढ मुळापर्यंत किडली की मग तुमचं दार ठोठावणारे लोक असतात ना, त्यांना तुम्ही मनातल्या मनात काय म्हणता ते एकदा स्वतःला म्हणून घ्या, म्हणजे माझी शाई वाचेल.

मी बस आगारात बत्तीस वर्षं काढली. शेवटची एकोणीस वर्षं सकाळी दीडशे गाड्यांच्या तपासणीच्या कागदावर माझी सही झाल्याशिवाय फाटक उघडत नव्हतं, आणि एकही खोटी सही या हाताने केलेली नाही. तेव्हा माझं मत फुकटचं समजू नका. मत असं की हा नाद सोडा. गाढवाला गुळाची चव काय, तशी तुम्हाला त्या इंजिनाची किंमत नाही. मी ट्रक घेऊन येतो, गाडी माझ्याकडे आणतो, माझ्या गाडीला तिचे सुटे भाग होतील. तुमची लाज झाकली जाईल आणि सचिवांचा डिंकही वाया जाणार नाही.

हे एवढं लिहून मी पत्र संपवणार होतो. पण आमच्या हिने, म्हणजे तुमच्या ताईंनी, मागे उभं राहून वाचलं आणि सूचना लिहिल्याशिवाय जेवायला वाढणार नाही म्हणाल्या. म्हणून लिहितो. बॅटरी काढून फेका. टाकीतलं पेट्रोल सगळं उपसा, ते आता पेट्रोल राहिलेलं नाही. स्टार्टरला हात लावायचा नाही, ओढून सुरू करायचा प्रयत्न तर मुळीच नाही, नाहीतर जे काही शाबूत असेल तेही तुटेल. डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं अर्धं मिसळा. पहिला, दुसरा आणि चौथा प्लग काढा आणि प्रत्येक भोकात अर्धा कप ओता. तिसरा प्लग काढू नका. त्याचे आटे खलास झालेत, मी त्या दिवशी बघितलंय, जबरदस्ती केलीत तर आतच तुटेल. तेल तिकडे आपोआप झिरपेल. मग आठ दिवस थांबा. थांबणं तुम्हाला जमतं, अकरा वर्षांचा अनुभव आहे. आठ दिवसांनी पुढचं हँडल लावून हलक्या हाताने फिरवून बघा.

फिरणार नाही. तेव्हा कळवा, ट्रक सांगून ठेवतो.

थोरला साडू


२० सप्टेंबर

साडूबुवा,

तुमच्या सूचना मी दवाखान्यातल्या कार्डावर उतरून घेतल्या आणि त्याप्रमाणे एकेक केलं. टोमणे उतरले नाहीत, कार्ड लहान असतं.

पेट्रोल चहासारखं लाल झालं होतं आणि त्याला जुन्या वॉर्निशचा वास येत होता. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलं होतं, त्यात मला आमच्याच सोफ्याचा कापूस सापडला. तुमची धाकटी मेहुणी म्हणाली, "बघा, गाडीचा उपयोग कुणीतरी केला." ती गॅरेजच्या दाराशी उभी राहून असंच काहीतरी बोलते आणि वर जाते. तिच्या मते मी म्हातारपणी नवीन खेळणं काढलंय. गाडी गेली तर तिला सुटल्यासारखंच होईल.

तीन प्लग काढले, तेल ओतलं, तिसऱ्याला हात लावला नाही. आठ दिवस रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी खाली उतरून नुसता बघून यायचो. काल हँडल लावलं. आधी ढिम्म. मग अंगाचा भार टाकला तशी कुरकुर झाली आणि फिरलं. तुम्ही फिरणार नाही म्हणाला होतात, पण फिरलं.

आता अडचण ऐका. जवळजवळ एक फेरा होतो आणि थांबतं. मग पुलीला पाना लावून उलटं फिरवलं, तर तिकडूनही जवळजवळ एक फेरा, आणि पुन्हा तिथेच थांबतं. आणि ते थांबणं लोखंडाचं नाही. ठक्क होत नाही. मऊ थांबतं, थोडं दाबलं जातं आणि परत ढकलतं. रुग्णाच्या दातांत कापसाचा बोळा ठेवून "मिटा" म्हटलं की हाताला जसं लागतं तसं. हे काय असेल?

धाकटा साडू


२४ सप्टेंबर

डॉक्टर,

मऊ थांबतं. हे वाक्य मी तुमच्या ताईंना दोनदा वाचून दाखवलं. इंजिनात बिडाचं लोखंड असतं, हिरड्या नसतात. आगारात नवीन आलेली पोरं असं काही बोलली की मी त्यांना आठवडाभर गाड्या धुवायला लावायचो. तुमचं वय बघून सोडून देतो.

सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा थर बसलाय आणि पिस्टन त्याला अडतोय, एवढी साधी गोष्ट आहे. हाताला मऊ लागतं कारण हातच मऊ आहेत. तीस वर्षं कापूस आणि चिमटे हाताळून दुसरं काय होणार. आता हेड उतरवल्याशिवाय इलाज नाही, आणि हेड उतरवणं म्हणजे कवळी काढणं नव्हे. नट कोणत्या क्रमाने सैल करायचे हे चुकलं तर हेड वाकतं. ते तुमचं काम नाही.

मी ट्रकवाल्याशी बोललोय. पंचवीस ऑक्टोबरला तो मोकळा आहे. गाडीचे कागद शोधून ठेवा. आणि एक लक्षात असू द्या. मऊ लागो की कडक, त्या भोकांत तार, काडी, तुमच्या त्या वाकड्या सळया, काहीही घालून उचकटत बसू नका. हात दाखवून अवलक्षण कशाला.

थोरला साडू


३० सप्टेंबर

साडूबुवा,

तुमचं पत्र वाचून बरेच दिवस विचार केला.

इंजिन अजून तिथेच थांबतंय. मला एक शंका आहे, शंका काढणं माझ्या धंद्यातच आहे. चार सिलिंडर आहेत. तीन मी टॉर्च लावून आत बघितले. जितकं दिसतं तितकं स्वच्छ आहे, गंजाचा थर वगैरे नाही. मग अडतंय ते तिसऱ्यातच अडत असणार, आणि नेमका तोच आपण उघडलेला नाही. आमच्याकडे रुग्ण म्हणाला की डाव्या बाजूला दुखतंय आणि मी उजवीकडचेच दात तपासत बसलो तर लोक मला काय म्हणतील?

म्हणून दोन गोष्टी विचारतो. तिसरा प्लग काढून बघू का? आणि तुम्ही त्या दिवशी स्प्रिंग बदललात तो तिसऱ्याच सिलिंडरचा होता, असं मला आठवतं. त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का? एखादा भाग बसवायचा राहिला, काही आत पडलं, असं काही? अकरा वर्षं झाली. कुणाची चूक काढायची म्हणून विचारत नाही. गाडी सुरू व्हावी एवढंच.

समितीचा माणूस काल गॅरेजच्या भिंतींवर खडूने आकडे टाकून गेला. माझा आकडा सात आहे.

धाकटा साडू


५ ऑक्टोबर

डॉक्टर,

त्या दिवशी काही वेगळं झालं नव्हतं. माझ्या हातून भाग राहत नाहीत आणि आत काही पडत नाही. मी जाईपर्यंत काम पूर्ण होतं. नंतर तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. गाडी स्वतः मारायची आणि अकरा वर्षांनी डॉक्टरकीचा आव आणून कारागिराचा जबाब घ्यायचा.

तिसरा प्लग काढायचा नाही म्हणून सांगितलंय ना? तर काढायचा नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची मला हौस नाही, पण तुम्ही विचारता म्हणून पुन्हा लिहिलं.

खरं तर तुमच्या शंका वाचून मला झोप लागली नाही, इतका संताप आला. तुमच्या ताई म्हणाल्या, "एवढं चिडायला काय झालं, साधं विचारलंय त्यांनी." घरात बायको आणि बाहेर साडू, दोघांनी मिळून मला इंजिन शिकवायचं ठरवलेलं दिसतंय.

पंचवीस तारखेला ट्रक येईल. मी स्वतः सोबत असेन. तोपर्यंत गॅरेजला कुलूप लावा आणि दात बघा लोकांचे.

थोरला साडू


९ ऑक्टोबर

साडूबुवांना नमस्कार.

तुमचं म्हणणं पटलं. वाद घालण्यात अर्थ नाही. पंचवीसला ट्रक येऊ द्या, गाडी तुमची.

एक कागद सोबत जोडला आहे. वसाहतीतून बंद गाडी ट्रकवर घालून न्यायची असेल तर समितीचा हा फॉर्म भरावा लागतो. गाडी बंद पडण्याचं कारण, असा त्यात रकाना आहे आणि खाली जाणकार तंत्रज्ञाची सही हवी. कारण मी माझ्या हाताने लिहिलं आहे, "मालकाने तेलाकडे दुर्लक्ष केल्यामुळे इंजिन जॅम झाले." खाली मालक म्हणून माझी सही केली आहे. शेजारची जागा तुमची. तुम्ही सही केलीत की फॉर्म परत पाठवा, मी सचिवांकडे देतो. तुमच्याइतका जाणकार आमच्या ओळखीत दुसरा नाही.

धाकटीलाही सांगून टाकलं की माझीच चूक होती आणि आता हा विषय संपला. ती म्हणाली, "हे आम्हाला अकरा वर्षं माहीत आहे." गाडीची किल्ली, कागद आणि सासरेबुवांनी सोबत दिलेली हत्यारांची पिशवी बांधून ठेवली आहे. तीही न्या.

धाकटा साडू


१८ ऑक्टोबर

डॉक्टर,

फॉर्म परत पाठवतोय. सही केलेली नाही.

आठ दिवस तो कागद टेबलावर होता. दोनदा पेन उघडलं. तोंडाने मी काय वाटेल ते बोलत आलोय, पण कागदावर खोटी सही करायला हात उचलला जाईना. त्या हाताबद्दल मी तुम्हाला एवढं लांबलचक लिहिलं होतं, म्हणून असेल.

तिसरा प्लग काढा. त्याचे आटे धडधाकट आहेत. आत दोरी आहे. कपडे वाळत घालायची, सुती, हातभर लांब. व्हॉल्व्हचा स्प्रिंग काढला की व्हॉल्व्ह आत घसरायचा धोका असतो. म्हणून प्लगच्या भोकातून दोरी आत भरतात आणि पिस्टन वर आणतात, म्हणजे दोरी खालून व्हॉल्व्हला टेकू देते. स्प्रिंग बसला की दोरी ओढून काढायची. तिचं शेपूट बाहेर ठेवायचं असतं. आगारात पहिल्या दिवशी हे शिकवतात.

त्या दिवशी स्प्रिंग नुकताच बसला होता आणि वरून जेवायला हाक आली. मी हात पुसत वर आलो. तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "आगारातले हात आहेत, दोनदा साबण लावा." सगळे हसले. सासरेबुवाही हसले. तुम्ही गंमत केली असेल. मला ती मस्तकात गेली. जेवून खाली आलो तेव्हा डोक्यात दुसरं काही नव्हतं. शेपूट आत घसरलेलं बघितलं नाही. प्लग आवळले, हत्यारं गोळा केली आणि कुणाशी न बोलता निघालो. बसमध्ये पिशवी लावताना दोरी कमी आहे हे लक्षात आलं. पुढच्या थांब्यावर उतरून परत यायला हवं होतं. उतरलो नाही. म्हटलं, बंद पडू दे, येईल विनवण्या करत, मग आगारातले हात काय करतात ते दाखवू.

मग तुमचं पत्र आलं, तुम्ही नम्रपणे विचारलं होतंत. तेव्हा माझ्या पेनातून जॅम हा शब्द निघाला. एकदा लिहिल्यावर तो मागे घेता आला नाही. ट्रक मला सुट्या भागांसाठी नको होता. गाडी इकडे आणून दोरी गुपचूप काढायची होती. जॅमकाका हे नाव मुलांनी नाही ठेवलं, मी ठेवलं.

अजून बारा-तेरा दिवस आहेत. दोरी काढा, गाडी सुरू होईल.

थोरला साडू


२१ ऑक्टोबर

आगारप्रमुख,

दोरी मी सत्तावीस सप्टेंबरलाच काढली.

"तेल आपोआप झिरपेल" हे वाक्य मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात तेल झिरपायला ते काय शेजारचे दात आहेत? मग तुमचं हिरड्यांचं पत्र आलं. मी दगडासारखे कडक दात आणि कुजलेले दात डोळे मिटून ओळखतो आणि तुम्ही मला मऊ म्हणजे काय ते शिकवत होतात. तार घालू नका, सळई घालू नका, एवढं बजावलंत तेव्हा मी समजलो. चोराच्या मनात चांदणं. तिसरा प्लग अर्ध्या मिनिटात निघाला. तोंडात घालायचा आरसा आत सोडला, टॉर्च मारला, पिस्टनच्या माथ्यावर वेटोळं दिसलं. चिमट्याने धरून काढलं. यापेक्षा अवघड अक्कलदाढा मी रोज काढतो.

कार्बोरेटर उतरवून त्याची बारीक भोकं दात साफ करायच्या सुईने मोकळी केली आणि दवाखान्यातल्या हवेच्या नळीने फुंकून काढली. ब्रेकचं तेल बदललं, नवीन बॅटरी आणली. आठ ऑक्टोबरला, बुधवारी, तिसऱ्या वेळेला ती सुरू झाली. अर्धा तास चालू ठेवली. धाकटी वरून धावत आली आणि धुरात उभी राहिली. तिला मी सगळं त्याच दिवशी सांगितलं. माझी चूक होती असं तिला सांगितल्याचं जे लिहिलं ते खोटं होतं.

म्हणजे तीस तारखेचं पत्र लिहिलं तेव्हा तुमची दोरी माझ्यासमोर स्टीलच्या ट्रेमध्ये पडली होती. तुम्हाला सांगायची सोपी वाट करून दिली. तुम्ही उलट माझ्यावरच आलात. म्हणून फॉर्म पाठवला. फॉर्म खरा आहे, पण तंत्रज्ञाची सही ऐच्छिक असते, सचिवांनीच सांगितलं. मला फक्त बघायचं होतं की तुम्ही कुठपर्यंत जाता. एवढी अक्कल, एवढा अनुभव, दीडशे गाड्या, आणि साबणाच्या एका थट्टेसाठी माणसाला अकरा वर्षं निकामी ठरवलंत. तुमची कीव करावी इतकीही तुमची लायकी वाटत नाही, तरी करतो, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नाही.

एका गोष्टीची भरपाई होणार नाही. मी गाडी बंद करून ठेवल्यावर चार वर्षं सासरेबुवा होते. त्या चार वर्षांत दर गुरुवारी ते माझ्या दवाखान्यात येऊन बाकावर बसायचे. तोंडात एक दात उरला नव्हता, कवळी नवीकोरी होती, काही काम नसायचं. तासभर बसायचे, माझ्याकडे बघायचे, आणि उठून जायचे. मला वाटायचं, ज्याने आपली गाडी मारली त्याचं तोंड बघायला येतात. मी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतो. ते तसं समजूनच गेले. हे तुम्ही माझ्याकडून घेतलंत, आणि ते काढून द्यायला कुठला चिमटा नाही.

ट्रक रद्द करा.

धाकटा साडू


२५ ऑक्टोबर

डॉक्टर,

तुम्ही जे लिहिलंत ते सगळं खरं आहे, शेवटची गोष्ट सोडून. सासरेबुवांना माहीत होतं.

तुमचं अकरा वर्षांपूर्वीचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं. पोटात राहीना म्हणून सांगितलं. वाटलं, ते तुम्हाला सांगतील आणि माझी सुटका होईल. ते म्हणाले, "घाण तू केलीस, पुसायची तू. मी पुसली तर तुला काय कळणार?" तुम्हाला आठवत असेल, शिकाऊ माणूस कितीही चुकला तरी त्याच्या हातातलं चाक ते धरायचे नाहीत. मला एक महिना दिला. मग वर्ष दिलं. मग माझ्याशी बोलणं सोडलं. आमच्याकडे यायचे ते लेकीसाठी. माझ्या गाडीत बसायचे नाहीत, माझ्या हातून पाणी घ्यायचे नाहीत. ही विचारायची, काय झालंय दोघांत, आणि मी म्हणायचो, वय झालंय त्यांचं.

तुमच्याकडे दर गुरुवारी जायचे ते रागाने नाही. मी सांगितलं का ते तुमच्या चेहऱ्यावर बघायला जायचे. नंतर आमच्याकडे आले की माझ्याशी एवढंच बोलायचे, "अजून नाही."

शेवटी हॉस्पिटलात त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "सांगितलंस?" मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी गेले.

तेव्हा तुमच्याबद्दल गैरसमज घेऊन ते गेले नाहीत. माझ्याबद्दल घेऊन गेले.

हिला अजून काही माहीत नाही. हे पत्र मी टपालाच्या ऑफिसात उभं राहून लिहितोय.

थोरला साडू


२९ ऑक्टोबर

साडूबुवा,

पत्र तीनदा वाचलं. मग दवाखाना दुपारीच बंद केला आणि त्या बाकावर जाऊन बसलो.

चार वर्षं मी मान खाली घालून लोकांच्या तोंडात बघत राहिलो आणि म्हातारा माणूस समोर बसून माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होता. एकदा जरी वर बघून "काय हवंय?" म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते माझ्या अंगावर आहे, तुमच्या नाही. बाकीचं सगळं तुमच्या अंगावर आहे.

गाडी काल बाहेर काढली. सचिव पाडणाऱ्या माणसांना घेऊन उभे होते, मी त्यांच्या पायाशी ब्रेक मारला. ते म्हणाले, "ही चालते?" धाकटी शेजारी बसली होती, ती म्हणाली, "पहिल्यापासून चालते."

तुम्हाला माफ केलेलं नाही. ते जमेल की नाही हे मला माहीत नाही आणि तुम्ही विचारूही नका. पण येत्या रविवारी सकाळी दहा वाजता गाडी घेऊन तुमच्या दाराशी येतो. सासरेबुवांच्या शाळेच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तो मी काढून टाकलाय, तुम्हाला शेजारी बसवायचं तर ती काळजी घ्यायला हवी. ताईंना रविवारच्या आत सगळं सांगा, दोरी, जॅम, पाण्याचा ग्लास, सगळं. मी त्यांना काही सांगणार नाही. त्या तुमच्यासोबत खाली आल्या तर समजेन. तुम्ही एकटे आलात तर तसाच वळवून परत जाईन. तोपर्यंत खाली थांबतो, इंजिन बंद करणार नाही.

धाकटा साडू